सरखेल कान्होजी आंगरे आणि त्यांचे दस्तक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात एखाद्या ऐतिहासिक विषयावर बोलावे, अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी केली तेव्हा आम्ही प्रथम टाळाटाळच केली. आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. बी. ए.च्या परीक्षेपुरता इतिहास वाचला, पुढे केंद्र सरकारच्या सीमाशुल्क खात्यात शिरलो, आणि तेव्हापासून जहाजे, माल व परवाने यांच्या कागदांतच केस पांढरे केले. मोडी आम्हांस वाचता येत नाही. जे सांगणार ते इतरांनी परिश्रमपूर्वक छापून ठेवलेल्या ग्रंथांच्या आधारे. एवढी कबुली आरंभीच दिलेली बरी. तथापि एका प्रश्नाच्या उत्तराचे कर्ज आमच्या डोक्यावर बरेच दिवस होते. ते फेडण्याची संधी आयती चालून आली, म्हणून अखेर होकार दिला.

तो प्रश्न असा. आपले हे विशाखापट्टण म्हणजे आरमाराचे गाव. पूर्व नौदल विभागाचे मुख्य ठाणे येथे, पाणबुड्यांचा तळ येथे. १९६८ साली आपल्या नौदलात दाखल झालेली आणि १९८९ साली निवृत्त झालेली ‘खांदेरी’ ही पाणबुडी या गावातल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. २०१९ मध्ये त्याच नावाची दुसरी पाणबुडी मुंबईस नौदलात दाखल झाली, तेव्हा आमच्या कचेरीतील एका तेलुगू सहकाऱ्याने वर्तमानपत्र पुढे करून विचारले, “खांदेरी हे कोणत्या माशाचे नाव हो?” आम्ही म्हटले, “मासा नव्हे, बेट. मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. शिवाजीमहाराजांनी त्यावर किल्ला बांधला आणि पुढे तो कान्होजी आंगऱ्यांनी गाजविला.” त्यावर तो गृहस्थ सहज बोलून गेला, “म्हणजे तो अँग्रिया! इंग्रजी पुस्तकात वाचला आहे. तो समुद्रावरचा चाचा ना?”

आम्ही आवेशाने ‘छे, छे’ म्हटले खरे. पण का नव्हे, ते त्याला पटेल असे सांगता आले नाही. मराठी माणसाचा अभिमान हे काही प्रमाण होत नाही. आज आपल्यापुढे जे मांडणार आहोत ते त्या दिवशी न सुचलेले उत्तर होय.

कान्होजींचा जन्म इ. स. १६६९ च्या सुमाराचा. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. पुणे प्रांतातील आंगरवाडीवरून आंगरे हे नाव पडले. वडील तुकोजी हे शिवाजीमहाराजांच्या चाकरीत होते आणि सुवर्णदुर्गावर त्यांची नेमणूक होती. सुवर्णदुर्ग हा हर्णैच्या किनाऱ्यासमोर भर पाण्यात उभा असलेला किल्ला. ज्या मुलाचे बालपण अशा किल्ल्याच्या आश्रयाने गेले त्याला भरती-ओहोटीचे वेळापत्रक बाराखडीबरोबरच पाठ झाले असणार. बालपणाविषयी नागाने फणा धरल्याची कथा सांगतात. तशी ती आपल्याकडे पुष्कळ थोरांविषयी सांगतात, तेव्हा ती येथे बाजूस ठेवू.

इ. स. १६८९ मध्ये संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराममहाराज जिंजीस गेले. कोकणपट्टीतील किल्लेदारांना वरून ना पैसा, ना दारूगोळा, ना हुकूम. अशा वेळी जंजिऱ्याच्या सिद्दीने किनाऱ्यावरील ठाणी घेण्याचा सपाटा लावला. परंपरा अशी सांगते की, सुवर्णदुर्गाचा किल्लेदार अचलोजी मोहिते हा फितून किल्ला सिद्दीच्या स्वाधीन करण्याच्या बेतात होता. तरुण कान्होजीने त्याला दूर सारून किल्ला आपल्या ताब्यात घेतला व राखला. पुढे इ. स. १६९८ मध्ये आरमाराचे अधिपती सिधोजी गुजर वारले आणि त्यांच्या जागी कान्होजी आले. ‘सरखेल’ हा किताब मिळाला. वयाच्या तिशीत हा मनुष्य मराठी आरमाराचा मुख्य झाला.

मुख्य झाला म्हणजे कशाचा मुख्य झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे. मध्ये सिद्दी जंजिरा व उंदेरी धरून बसलेला. उत्तरेस मुंबईत इंग्रज. चौल, वसई आणि गोवा येथे पोर्तुगीज. या सर्वांच्या फटींतून मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरीपासून कुलाबा, सुवर्णदुर्ग असे करीत दक्षिणेस विजयदुर्गापर्यंत ठाण्यांची एक तुटक साखळी. पगाराला पैसा नाही. राजा दूर. अशा आरमाराचा खर्च भागवावयाचा कसा?

येथे आमच्या धंद्याचा विषय येतो, म्हणून थोडे विस्ताराने बोलण्याची परवानगी घेतो.

समुद्रावर परवाना विकण्याची रीत कान्होजींनी काढलेली नव्हे. ती पोर्तुगीजांनी आणली. सोळाव्या शतकापासून हिंदी महासागरात फिरणाऱ्या प्रत्येक देशी जहाजाने पोर्तुगीजांचे ‘कार्ताझ’ घेतले पाहिजे, अन्यथा जहाज मालासह जप्त, असा त्यांचा दंडक होता. अकबर बादशहासारख्या सार्वभौम राजाच्या हज यात्रेच्या जहाजांनाही हे कार्ताझ घ्यावे लागे. पुढे इंग्रजही आपले परवाने देऊ लागले. याला युरोपातील कोणी चाचेगिरी म्हटले नाही. समुद्रावरील स्वामित्व म्हटले. कान्होजींनी त्याच मापाने माप घातले. मराठी राज्याच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलांचे दस्तक घ्यावे, ठरलेला आकार भरावा, मग त्याला अभय. दस्तक नसेल तर जहाज धरून आणावे, चौकशी करावी, दंड वा जप्ती करावी. याच सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे वेगळे अंग मानून, कौल घेतलेल्या सावकारांच्या जहाजांस उपसर्ग लागू नये अशी ताकीद त्यात दिलेली आढळते. म्हणजे एका बाजूस जरब आणि दुसऱ्या बाजूस अभय, असा हा व्यवहार होता, आणि तो कागदावर होता.

आता चाचा आणि अधिकारी यांतला भेद पाहा. चाचा माल पाहून जहाज धरतो; अधिकारी कागद पाहून धरतो. चाच्याला कागद दाखवून कोणी सुटत नाही. सरखेलांचे दस्तक दाखवणारा गलबतवाला सुटत होता, म्हणूनच तर व्यापारी ते विकत घेत होते. आजही आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे परदेशी जाणारे जहाज खात्याच्या लेखी आज्ञेवाचून बंदर सोडू शकत नाही. अशी अडवणूक आम्ही स्वतः केलेली आहे. कप्तान आमच्यावर चिडले, एकाने मद्रासी इंग्रजीत शिव्याही दिल्या. परंतु चाचा कोणी म्हटले नाही.

कोणी म्हणेल, बंदरातली गोष्ट वेगळी आणि खुल्या समुद्रातली वेगळी. आक्षेप रास्त आहे. किनाऱ्यापासून किती अंतरापर्यंत राजाचा अंमल चालावा याविषयी त्या काळी जगात एकमत नव्हते. तोफेचा गोळा पोचेल तेथवर, असा सिद्धान्त एका डच पंडिताने अठराव्या शतकाच्या आरंभी नुकता मांडला होता. कान्होजींच्या गुराबा त्याहून पुष्कळ दूर जात, हे मान्य केले पाहिजे. पण कार्ताझवाले पोर्तुगीज तर आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात होते.

भांडण पेटले ते इंग्रजांशी, आणि त्याचे कारणही कागदच होते. इंग्रजांचे म्हणणे, आमच्या निशाणाखालील जहाजांस दस्तक लागू नाही. कान्होजींचे म्हणणे, कंपनीच्या खुद्द मालकीच्या जहाजांपुरते ठीक. परंतु मुंबईचे देशी व्यापारी तुमचे निशाण लावून आपला माल नेतात, त्यांना ही सवलत कशी मिळेल? आमच्या खात्यात ज्याने चार वर्षे काढली त्याला हा वाद ओळखीचा वाटेल. माफी एकाच्या नावावर आणि माल दुसऱ्याचा, हा प्रकार तीनशे वर्षांत बंद झालेला नाही.

या भांडणातील एक प्रकरण आम्ही टाळणार नाही, कारण इंग्रजी ग्रंथांत कान्होजींच्या विरुद्ध तेच प्रथम सांगितले जाते. इ. स. १७१२ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर एसलाबी याची सशस्त्र नौका कारवारहून मुंबईस येत होती. तीवर कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन आणि त्याची तरुण पत्नी कॅथरिन होती. आंगऱ्यांच्या आरमाराने नौकेस घेरले. झटापटीत तोफेच्या गोळ्याने चाऊनचा हात गेला आणि तो पत्नीच्या मांडीवर रक्तस्राव होऊन मेला. बाई कुलाब्यास कैदेत पडली. तीस हजार रुपये खंडणी भरल्यावर इ. स. १७१३ च्या आरंभी तिची सुटका झाली. नौका सशस्त्र होती, लढून पकडली गेली, हे सर्व खरे. तरी विधवा झालेल्या स्त्रीला पैशासाठी अडकवून ठेवणे आम्हांस रुचत नाही. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट अभिमानाने सांगणाऱ्यांनी हीही गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी युद्धकैद्यांची खंडणी सर्वच घेत, इंग्रजही घेत, हे उत्तर आहे. पण ते अपुरे उत्तर आहे. या प्रकरणानंतर इंग्रजांनी कान्होजींशी तह केला आणि काही काळ समुद्र शांत झाला.

याच सुमारास जमिनीवर कान्होजींच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय झाला. शाहूमहाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यापासून ताराबाई आणि शाहू यांच्यात राज्याचा वाद चालू होता. कान्होजी ताराबाईंच्या पक्षास होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठविले. कान्होजी घाट चढून आले, पेशव्यांनाच त्यांनी कैद केले, लोहगड घेतला. आता सातारा किती दूर, अशी अवस्था झाली. शाहूंनी इ. स. १७१३ च्या नोव्हेंबरात बाळाजी विश्वनाथ यांस पेशवेपद दिले आणि या कामावर धाडले.

बाळाजीपंत मूळचे श्रीवर्धनचे. कोकण आणि आंगरे दोन्ही त्यांच्या ओळखीचे. धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी उभयतांना पूज्य. लोणावळ्याजवळ वळवण येथे दोघांची भेट झाली आणि लढाई न होता तह झाला. कान्होजींनी शाहूंना धनी मानले, पिंगळ्यांना मुक्त केले. शाहूंनी सरखेलीचा किताब कायम केला आणि दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे ठेवली. हा तह केवळ शहाणपणाचा होता एवढेच नव्हे, आमच्या मते ‘चाचा’ या शब्दाचे खंडन येथेच होते. विजयी सेना घेऊन उभा असलेला मनुष्य आपल्याहून दुर्बळ राजाचा सेवक होण्यास संमती देतो, ती का? स्वतंत्र राहून त्याला लूट करता आली असती. परंतु दस्तकावर मोहोर लावण्यासाठी मागे राज्य लागते. स्वतःच्या नावाचा परवाना कितीही बळकट मनुष्याने काढला तरी तो परवाना होत नाही. कान्होजींना हे कळले होते.

आता आरमाराविषयी. कान्होजींपाशी इंग्रजांच्या तोडीची मोठी जहाजे नव्हती. होत्या त्या गुराबा आणि गलबते. गुराब दोन वा तीन डोलकाठ्यांची, नाळेवर तोफा असलेली. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. तळ उथळ, त्यामुळे शत्रूचे जहाज जेथे वाळूत रुतेल तेथे यांना खाडीत शिरता येई. वारा पडला की उंच शिडांचे विलायती जहाज पाण्यावर खिळल्यासारखे उभे राही. मग वल्ह्यांची गलबते गुराबांना दोरांनी ओढीत त्याच्या पिछाडीस आणीत, कारण जहाजाच्या तोफा बाजूंना असतात, पिछाडी उघडी असते. गुराबा डोलकाठ्या आणि शिडे तोडीत. जहाज पांगळे झाले की गलबतांतील माणसे तलवारी घेऊन चढत. तांडेल, सरतांडेल आणि खलाशी हे कोळी, भंडारी, गाबीत, खारवी. पावसाळ्यात सारे आरमार खाड्यांत ओढून ठेवीत आणि डागडुजी करीत. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खाडीच्या काठी खडकात कोरलेली आंगऱ्यांची गोदी आजही दाखवितात. मात्र खोल समुद्रात, भर वाऱ्यात, मोठ्या युद्धनौकेशी समोरासमोर गाठ पडली तर या आरमाराचा निभाव लागत नसे, आणि कान्होजी तसा प्रसंग शक्यतो येऊ देत नसत. जंजिराही त्यांच्या हाती कधी आला नाही.

इ. स. १७१५ च्या डिसेंबरात चार्ल्स बून मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. हा तडफदार गृहस्थ. त्याने नवी लढाऊ जहाजे बांधविली आणि आंगऱ्यांचा समूळ उच्छेद करण्याचा पण केला. इ. स. १७१७ मध्ये विजयदुर्गावर हल्ला, फसला. इ. स. १७१८ च्या नोव्हेंबरात खांदेरीवर स्वारी. बून जातीने हजर, तरीही फसली. इ. स. १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्ग. या खेपेस जड तोफांचा एक तरंगता बुरूजच बांधून नेला होता. ‘फ्राम’ असे त्याचे नाव. किल्ल्याखाली नेल्यावर लक्षात आले की तोफांची तोंडे पुरेशी वर उचलता येत नाहीत. या साऱ्या मोहिमांच्या काळात कंपनीच्या आरमारात असलेल्या क्लेमेंट डाउनिंग नावाच्या इंग्रजाने पुढे इ. स. १७३७ मध्ये पुस्तक लिहून ही फजिती वर्णिली आहे. तो कान्होजींचा मित्र नव्हे, म्हणून त्याची साक्ष आम्ही अधिक मोलाची मानतो.

खांदेरीच्या पराभवाचा एक परिणाम मात्र हसण्यासारखा नाही. वाळकेश्वराचे देऊळ ज्याने नव्याने बांधविले तो रामा कामती हा मुंबईचा मोठा सारस्वत व्यापारी कंपनीच्या देशी शिपायांचा प्रमुखही होता आणि खांदेरीच्या स्वारीत सामील होता. पराभवाचे खापर कोणावर तरी फोडावयाचे होते. रामा कामतीने कान्होजींशी गुप्त पत्रव्यवहार केला, असा आरोप ठेवून इ. स. १७२० मध्ये त्याच्यावर खटला चालविला. पुरावा एका पत्राचा. एका साक्षीदाराचे अंगठे लोखंडी स्क्रूमध्ये पिळून कबुली काढली. फिर्यादी कंपनी आणि न्यायाधीशही कंपनीच. रामा कामतीस जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली आणि तो तुरुंगातच मेला. ते पत्र बनावट होते असे पुढे अभ्यासकांनी दाखविले. सरकारी नोकराने हे प्रकरण जरूर वाचावे. आम्ही ते वाचले त्या रात्री झोप आली नाही. ज्यांना आम्ही कायद्याचे राज्य आणणारे म्हणून शाळेत शिकलो, त्यांच्या फायलीत हे होते; आणि ज्यांना त्यांनी चाचे म्हटले ते परवान्याचा आकार ठरवून पावती देत होते.

इ. स. १७२१ मध्ये बूनने अखेरचा डाव टाकला. मादागास्करच्या खऱ्याखुऱ्या चाच्यांच्या बंदोबस्तासाठी इंग्लंडच्या राजाने चार युद्धनौका देऊन कमोडोर मॅथ्यूज यास पूर्वेकडे पाठविले होते. त्याची मदत घेतली, पोर्तुगीजांशी करार केला, आणि डिसेंबरात दोन्ही सत्तांच्या फौजा चौलजवळ एकत्र होऊन कुलाब्यावर चालून गेल्या. पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय स्वतः आला होता. मराठ्यांच्या बाजूने बाजीराव घोडदळ घेऊन घाट उतरले. आठ वर्षांपूर्वी बाळाजीपंतांनी लोणावळ्यास केलेल्या तहाचे हे व्याज म्हणावयाचे, कारण आता आंगऱ्यांवरील स्वारी ही छत्रपतींवरील स्वारी झाली होती.

हल्ल्याच्या वेळी इंग्रजांच्या शिड्या तटाला पुरल्या नाहीत. स्वतः मॅथ्यूज पुढे गेला असता एका मराठा स्वाराने त्याच्या मांडीत भाला मारला. कमोडोर संतापून घोडा फेकीत त्याच्या मागे लागला, पिस्तूल झाडू लागला आणि मग ध्यानात आले की पिस्तुले भरलीच नव्हती. इतक्यात मराठी घोडदळ पोर्तुगीजांच्या बगलेवर आले. त्यांची फळी मोडली आणि त्यांच्यासवे इंग्रजांचीही. पुढे मॅथ्यूजने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली काठी खुपसली, असे इंग्रज लेखकच सांगतात. पोर्तुगीजांनी इ. स. १७२२ च्या आरंभी बाजीरावांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रजांना हात चोळीत परतावे लागले.

येथे जाता जाता एक सांगावेसे वाटते. मागे आलेली कॅथरिन चाऊन पुढे कंपनीच्या अंजेंगो वखारीच्या प्रमुखाशी विवाहबद्ध झाली. तोही इ. स. १७२१ मध्ये स्थानिकांच्या उठावात मारला गेला. मग कंपनीने त्या बाईमागे मृत पतीच्या हिशोबाचा तगादा लावला. तेव्हा तिला आपल्या जहाजावर आश्रय देऊन विलायतेस नेले ते याच मॅथ्यूजने. कान्होजींची खंडणी एकदा भरून संपली. कंपनीची बाकी काही संपेना!

इ. स. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर हल्ला करून पाहिला आणि हात टेकले. त्याच काळात मुंबईचा पुढचा गव्हर्नर फिप्स आणि कान्होजी यांच्यात पत्रोपत्री झाली. फिप्सने लुटारूपणाचा ठपका ठेवला. कान्होजींच्या उत्तराचा मथितार्थ असा की, परक्याच्या वस्तूचा लोभ व्यापाऱ्यांनाही सुटलेला नाही. जगाची रीतच तशी आहे. तुमची कंपनी तरी बळाचा वापर न करता कोठे व्यापार करते? हे पत्र म्हणजे काकुळती नव्हे आणि दमदाटीही नव्हे. बरोबरीच्या सत्तेने बरोबरीच्या सत्तेला लिहिलेले ते सरकारी पत्र आहे. असा मसुदा आमच्या हाताखालच्या एखाद्या तरुणाने केला असता तर आम्ही त्यावर काटछाट न करता सही केली असती.

४ जुलै १७२९ रोजी अलिबागेस कान्होजी निवर्तले. समुद्रावर पावसाळा होता, आरमार खाड्यांत होते. एकतीस वर्षे ते सरखेल होते, आणि त्या काळात त्यांचा एकही जलदुर्ग युरोपीय सत्तांना घेता आला नाही.

येथवर सर्व ठीक. पण कान्होजींचे जे सर्वांत कच्चे काम होते तेही सांगितलेच पाहिजे. त्यांनी आरमार उभे केले, अधिकारपद मात्र घराचे केले. पदाला वारस मुलगा, असा त्या काळचा रिवाज. दोष एकट्या त्यांचा नव्हे. सेखोजी हे ज्येष्ठ पुत्र कर्ते होते, पण ते इ. स. १७३३ मध्ये वारले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत तंटा लागला. एक आरमार दोन झाले. कुलाबा मानाजींकडे, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग संभाजींकडे. पेशव्यांनी मध्यस्थी केली ती भांडण मिटविण्यापेक्षा वाटणी पक्की करणारी ठरली. संभाजींनंतर तुळाजी आले. ते शूर होते. पण पेशव्यांचा अधिकार त्यांनी जुमानला नाही आणि पेशव्यांनी त्यांना आपले मानले नाही. इ. स. १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, तोच सुवर्णदुर्ग, जेथून कान्होजींचे आयुष्य सुरू झाले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजींनी पूर्वी इंग्रजांपासून जिंकून घेतलेले ‘रिस्टोरेशन’ नावाचे जहाज तोफांच्या माऱ्याने पेटले, त्याची आग शेजारी दाटीने नांगरलेल्या गुराबांना लागली आणि काही तासांत सारे आरमार जळाले. तुळाजी जन्मभर कैदेत राहिले. अर्ध्या शतकात चार सत्तांना जे जमले नाही ते आपल्याच करारपत्राने झाले. बून आणि मॅथ्यूज यांचे काम पेशव्यांनी केले, असे म्हणताना आमच्या तोंडाला कडवटपणा येतो. परंतु तुळाजींनी छत्रपतींच्या मोहोरेखालून स्वतःला काढून घेतले, हेही तितकेच खरे. लोणावळ्यास जे जोडले होते ते दोन्ही बाजूंनी तुटले.

अलीकडे या सागरी किल्ल्यांची कदर वाढली आहे. २०२२ मध्ये नौदलाच्या निशाणावर शिवाजीमहाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला, त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग तिन्ही आहेत. अलिबागेस कान्होजींची समाधी आहे; आमच्या मंडळींपैकी जे सुट्टीत मुंबईस जातात त्यांनी तेथे जाऊन यावे. ओहोटीची वेळ विचारून गेल्यास कुलाब्याच्या किल्ल्यात चालतही जाता येते.

आणि मुंबईत कधी जुन्या किल्ल्याच्या भागात जाणे झाले तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या ‘बॉम्बे कॅसल’मध्ये बसून बून साहेबाने आंगऱ्यांच्या नाशाचे बेत रचले, त्याचे अवशेष आज नौदलाच्या आवारात आहेत. इंग्रजांच्या काळात त्या ठाण्याला ‘डलहौसी’ असे नाव होते. १५ सप्टेंबर १९५१ रोजी आपल्या सरकारने ते बदलले. आता दरवाज्यावर पाटी आहे, ‘आय. एन. एस. आंग्रे’. आमच्या तेलुगू सहकाऱ्याला आम्ही अखेर एवढेच सांगितले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “म्हणजे आत जायला आता त्याचाच पास लागतो तर!”